ऑक्टोपसची लिंक

कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत ते गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसायचे. मला जाहिरातींखेरीज कुणी मेल करत नसे, त्यामुळे माझं लक्ष त्यांच्याच स्क्रीनवर. त्यांचा गुडघा सतत हलत असायचा. अमेरिकेतल्या मुलासाठी ते जगभरच्या नवलाच्या बातम्या शोधून लिंक पाठवायचे.

"नुसतं 'कसा आहेस' विचारलं तर उत्तरच देत नाही हो."

लिंकनाही बरेच दिवस उत्तर नव्हतं. शेवटी मीच मोठ्या ऐटीत एक शोधून दिली, बरणीचं झाकण उघडणाऱ्या ऑक्टोपसची. त्यांनी घाईघाईने पाठवली. उठले, बसले, पुन्हा इनबॉक्स उघडला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं होतं. "बाबा, ही तुम्ही मागेच पाठवली होती."

मी ओशाळलो. ते मात्र ताडकन उठले. "अहो, म्हणजे वाचतोय तो!"