गडाची मूठ

महाडला कुणी ‘तालुक्याचं गाव’ म्हटलं की बंदरआत्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. “तालुका काल झाला. आपण राजधानीचं बंदर,” त्या ठणकावायच्या. सावित्रीत गलबत आलेलं त्यांनी स्वतःही पाहिलं नव्हतं. तरी नदीवर निघाल्या की “बंदरावर जाऊन येते” असंच म्हणायच्या, म्हणून सगळी आळी त्यांना बंदरआत्या म्हणे. आमचं घर त्यांच्या शेजारीच. भरतीचं पाणी चढू लागलं की त्या ओटीवर येऊन खाडीच्या तोंडाकडे, दासगावच्या बाजूला टक लावून बघत राहायच्या. काय बघता, असं विचारायची माझी छाती कधी झाली नाही.

भाताचे तांदूळ काढले की त्यातली पहिली मूठ गडाची. ती घेऊन त्या उंबऱ्यात यायच्या, रायगडाच्या दिशेला तोंड करून मूठ कपाळाला लावायच्या आणि वेगळ्या डब्यात टाकायच्या. “गडाचं धान्य आपल्या बंदरात उतरायचं. पहिली मूठ वर जाणार, आपलं मागनं.” हे त्यांना सासूने सांगितलेलं, सासूला तिच्या सासूने. इतिहासात हे कुठे आहे, असं मी एकदा विचारलं. “डब्यात आहे, बघ,” म्हणाल्या. डबा भरला की गडावर निघालेला कुणीही गाठायचा आणि तांदूळ त्याच्या गळ्यात मारायचे.

मग पूर आला. चिखल उपसून झाला आणि आळी पांगली. आम्हीही पुण्याला गेलो. मूठ काढणाऱ्या आत्या एकट्या उरल्या. आपल्यामागे हे बुडणार, या धास्तीने त्या नव्या बिऱ्हाडांची दारं धरू लागल्या. समोर आंबेनळी घाटाकडची सुनीता राहायला आली होती. तिच्या उंबऱ्यावर आत्यांनी स्वतःच्या हाताने तांदूळ ठेवले. “ही तुझी मूठ. आता रोज काढत जा.”

घाटातल्या वाडीत वाढलेल्या सुनीताला मूठ एकच ठाऊक, मारतात ती. त्यात त्याच आठवड्यात तिची पोर तापाने फणफणली. तिने भगत आणला आणि आत्यांच्या दारात लिंबू कापलं. आत्यांनी मला फोनवर सांगितलं, “चांगलं रसाळ होतं रे, सरबत झालं असतं.” मी हसलो. त्या हसल्या नाहीत. “जन्मभर गडाचं केलं आणि शेवटी करणी करणारी ठरले,” एवढंच म्हणाल्या. पुन्हा कुणाच्या दारी त्या गेल्या नाहीत. मला ते फार लागलं.

यंदा आत्या गेल्या. मी महाडला गेलो तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं. सुनीताने ओळखून चहाला बोलावलं. चहा देऊन ती भाताच्या तयारीला लागली. तिने तांदूळ घेतले, मूठ भरली, उंबऱ्यात आली, रायगडाकडेच तोंड करून ती कपाळाला लावली आणि डब्यात टाकली.

“हे कशाला?” मी विचारलं.

“आत्या अशीच काढायच्या. त्या गेल्या तवापासून मी बी काढते. नाय काढली तर म्हातारी सोडायची नाय मला.”

“डबा भरला की?”

“गडावर जाणाऱ्याला देऊन टाकते. घरात ठेवायचं भ्या वाटतं.”

ती मूठ कसली, हे मला सांगता आलं असतं. तिची भीती एका वाक्यात गेली असती, आणि तिच्याबरोबर मूठही. मी चहा संपवला आणि उठलो.