हमीदभाई टेलरची सत्तावीस घड्याळं

शर्टाचं माप घेताना शिंपी गळ्यापासून सुरुवात करतो, नाहीतर खांद्यापासून. वारंगा फाट्यावरचे हमीदभाई मनगटापासून करतात. टेप गळ्यातच लोंबत ठेवून ते आधी विचारतात, "घड्याळ कोणत्या हातात घालता?" त्या हाताचा कफ ते जरा सैल ठेवतात आणि बाही बोटभर आखूड, म्हणजे हात पुढे केला की घड्याळ आपोआप बाहेर यावं.

मी इथल्या हायस्कुलात बदलून आलो तेव्हा माझ्या कुठल्याच हातात घड्याळ नव्हतं. वेळ मोबाइलवर बघायची सवय. पण हमीदभाईंनी ज्या गांभीर्याने विचारलं, त्यापुढे 'घालत नाही' म्हणणं म्हणजे 'अंघोळ करत नाही' म्हणण्यासारखं वाटलं. मी म्हणालो, "डाव्या."

"आज न्हाई घातलं?"

"दुरुस्तीला दिलंय."

"कुठं?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. "नांदेडला."

"कसं हाये?"

"काळं आहे," मी म्हणालो. त्यांनी वहीत माझ्या नावापुढे 'डावा' लिहिलं आणि मग कुठे टेप गळ्यातून काढला.

आठ दिवसांनी शर्ट आला. उजवी बाही पूर्ण, डावी आखूड. तो घालून मी वर्गात पुस्तक धरून उभा राहिलो की माझं डावं मनगट सगळ्या वर्गाला उघडंबोडकं दिसे. पोरं धड्याकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघत. शेवटी नरसी नामदेवला देवळाबाहेरच्या दुकानातून दोनशे ऐंशी रुपयांचं घड्याळ घेतलं. काळंच घेतलं, खोटं बोललो होतो, ते निदान रंगापुरतं तरी खरं व्हावं. हमीदभाईंनी ते माझ्या हातातून काढलं, उलटसुलट केलं, कानाला लावलं आणि परत देताना म्हणाले, "नांदेडवाल्यानं चांगलं काम केलं की सर. दुरुस्तीत पार नवंच करून दिलं."

अशी आमची ओळख झाली.

हमीदभाई पंचावन्नच्या आसपासचे, काटक, दाढी मेंदीने लाल केलेली. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक मशीन, एक कापायचं टेबल आणि भिंतीवर घड्याळं. घड्याळं एकूण सत्तावीस, आणि एकही पाचशेच्या वरचं नाही. हा त्यांचा नियम होता. मी एकदा विचारलं की इतक्यांपेक्षा एकच चांगलं का घेत नाही, तर म्हणाले, "महागाचं घेतलं की माणूस हात खिशात घालून फिरून राहिला समजा. काहून? तर कुठं घासंल, कुठं पडंल. आपल्याला हात लागतात सर, धंदा हाये."

यातलं प्रत्येक घड्याळ त्यांनी आठवडी बाजारात, उरुसात, नाहीतर हिंगोलीला दसऱ्याच्या गर्दीत गाडीवर घासाघीस करून घेतलेलं. जुम्म्याला पांढऱ्या तबकडीचं. लग्नाला सोनेरी साखळीचं. ते मनगटावरचे केस ओढतं, म्हणून ते घालून हमीदभाई जेवणाच्या पंगतीत जरा कण्हतच बसत. मयतीला काळ्या पट्ट्याचं, सेकंदकाटा नसलेलं. "मातीला गेल्यावर काटा असा तुरुतुरु पळताना बरा न्हाई दिसत," असं त्यांचं म्हणणं.

घड्याळं ठेवायला त्यांनी पडद्याच्या उरलेल्या कापडाची एक गुंडाळी शिवली होती. तिला ओळीने सत्तावीस खिसे, आणि प्रत्येक खिशावर दोऱ्याचा एक टाका: कुठे लाल, कुठे निळा, कुठे पांढरा. ती उलगडून मशीनमागे खिळ्याला टांगलेली असे. हे टाके कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. कपड्याच्या रंगावर घड्याळ जावं म्हणून असतील, असं मी माझं ठरवून टाकलं. आम्हा मास्तर लोकांना न विचारता कळतं, ही आमची जुनी अडचण आहे.

खरा प्रकार मला नंतर कळला, तो इथेच सांगून टाकतो. पांढऱ्या टाक्याची घड्याळं बरोबर चालत. लाल टाक्याची दहा मिनिटं पुढे. ती बस पकडायच्या दिवशी. आणि निळ्या टाक्याची तीन घड्याळं पंचवीस मिनिटं मागे. ही धंद्याची. 'उद्या दहाला कपडे देतो' असा शब्द दिलेला असे, दहाला गिऱ्हाईक येऊन उभं राही, आणि हमीदभाई काजं करता करता निळ्या टाक्याचं मनगट पुढे करत.

"दहाला अजून पंचवीस मिनटं हायेत की, पाटील. बसा."

"हमीदभाई, माझ्या मोबाइलात दहा वाजलेत."

"मोबाइलचा टाइम मोबाइलवाल्याचा. दुकानात दुकानाचा टाइम. चहा सांगू का?"

गिऱ्हाईक हसून बसे. चहा संपेपर्यंत बटणं लागत.

पण मार्च आला की या माणसाचा खोडकरपणा थांबे. दहावीच्या परीक्षेत मोबाइल चालत नाही, आणि आमच्याकडच्या तांड्यावरच्या पोरांजवळ घड्याळ कुठलं? मग हमीदभाई पेपर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पांढऱ्या टाक्याची बाराही घड्याळं काढत, रेडिओवरच्या बातम्यांना लावत, पोरींची मनगटं बारीक म्हणून टोच्याने पट्ट्याला जादा भोकं पाडत आणि ज्याचं त्याच्या हातावर स्वतः बांधत. शेवटच्या पेपरानंतर परत आणून द्यायचं, एवढीच अट. इतक्या वर्षांत एकही घड्याळ हरवलं नाही. तांड्यावर त्यांची इज्जत होती ती शिवणकामापेक्षा या बारा घड्याळांमुळे. बायका सांगत, चाचाचं घड्याळ हातात असलं की लेकरू घाबरत न्हाई.

दोन वर्षांमागे नेमकी या वाटपाच्याच दिवशी भाभींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. नांदेडला जाताना हमीदभाईंनी दुकानाची किल्ली माझ्याकडे दिली. "बारा काढून मशीनवर ठेवलेत सर. नावं लिहून ठेवलीत. तेवढे बांधा. भिंतीवरच्याला मात्र हात लावू नका."

मला वाटलं, म्हातारा आपल्या ठेवणीतल्या घड्याळांना जपतोय.

मी बारा घड्याळं वाटली आणि कुलूप लावत होतो, तेवढ्यात काजल राठोड धावत आली. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, तीही महिनाभर तिकडेच होती. परीक्षेपुरती त्यांच्यासोबत कालच परत आलेली. यादीत तिचं नाव नव्हतं.

"सर, मला न्हाई घड्याळ?"

आता इथे एखाद्या शहाण्या माणसाने हमीदभाईंना फोन केला असता. मी उदार झालो. दुसऱ्याच्या मालावर उदार व्हायला मला वेळ लागत नाही. भिंतीवरून एक छान, आकाशी तबकडीचं घड्याळ काढलं, खिशावरचा निळा टाका तबकडीला कसा जुळतो हेही कौतुकाने पाहिलं आणि तिच्या हातावर बांधलं. वर म्हणालो, "वेळ हीच संपत्ती." वीस वर्षं मी वेळेच्या महत्त्वावर निबंध लिहून देत आलोय.

दुसऱ्या दिवशी पोरांची जीप फाट्यावरून पावणेदहाला निघणार होती. परीक्षा केंद्र बारा किलोमीटरवर, फाटक साडेदहाला बंद. काजलचं घर तांड्यापासून लांब, शेतात. बाप मोबाइल घेऊन पहाटेच कामाला गेलेला. पोरगी हातातल्या घड्याळावर भरवसा ठेवून, उजळणी करत, अगदी वेळेत निघाली. बाकीच्यांना वाटलं, ती मामाच्या मोटारसायकलवर गेली असेल. जीप निघून गेली.

हमीदभाई सकाळच्या पहिल्या बसने परतून नुकतंच दुकान उघडून बसले होते. काजल त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. "चाचा, अजून पावणेधाला पाच कमी हायेत. जीप काहून गेली?"

त्यांनी तिचं मनगट बघितलं. बाजूला एक गिऱ्हाईक हात पसरून माप देत उभं होतं. ते तसंच राहिलं. हमीदभाईंनी स्कूटर काढली.

मला त्या दिवशी केंद्राच्या फाटकावरच काम होतं, हातात यादी. दहा तेहेतीसला स्कूटर आली. फाटक लागलेलं. केंद्रसंचालक मॅडम शिस्तीच्या म्हणून प्रसिद्ध. त्या बाहेर आल्या. काजल रडत हात दाखवू लागली, "मॅडम, माझ्या घड्याळात धा वाजून आठच मिनटं झालीत..."

त्या क्षणी मला आकाशी तबकडी ओळखू आली, आणि 'हात लावू नका' चा अर्थही कळला.

"पोरीची चूक न्हाई मॅडम," हमीदभाई म्हणाले. "घड्याळ माझ्या दुकानातलं हाये. मीच मागं ठेवलेलं."

"मागे आहे हे माहीत असून मुलीला परीक्षेला दिलंत?"

हमीदभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यापासून तीन पावलांवर होतो. मी यादीत डोकं घातलं आणि बैठक क्रमांक तपासू लागलो. ते अर्ध्या तासापूर्वीच तपासून झाले होते.

"व्हय," ते म्हणाले. "चूक माझी हाये."

"वयाला शोभतं का हो हे? लेखी द्या."

त्यांनी फाटकाच्या खांबावर कागद धरून, माप लिहितात तसं एकाखाली एक लिहिलं: घड्याळ माझं, मागे होतं, मुलीचा दोष नाही. खाली सही. मॅडमनी ते वाचलं, काजलच्या तोंडाकडे बघितलं आणि फाटक उघडायला सांगितलं. पेपर अकराला होता. तिचं काही बुडालं नाही. बुडालं ते दुसऱ्याचं. वर्गांच्या खिडक्यांतून हे सगळं तांड्याच्या पोरांनी पाहिलं होतं. घड्याळ मी बांधलं, पण ते हमीदभाईंच्या सांगण्यावरूनच, असंच काजलसकट सगळ्यांनी धरलं.

संध्याकाळी मी दुकानात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "तिथं मी बोलायला पाहिजे होतं."

"तुमी बोलले असते तर फाटक लवकर उघडलं असतं का?"

"नाही."

"तुमची नोकरी, वर कागदपत्राची तकलीफ. एक माणूस शरमिंदा झाल्यानं काम भागत होतं, तर दोघांनी काहून व्हायचं?"

मला हे तत्त्वज्ञान फार पटलं. ज्यात आपली सुटका असते ते तत्त्वज्ञान मला ऐकताक्षणी पटतं. मी चहा पिऊन घरी गेलो. काजल पास झाली, कळमनुरीला अकरावीत गेली, आणि मी तो विषय मनातून काढून टाकला.

पुढचा मार्च आला. पेपर सोमवारी, मधे रविवार, म्हणून वाटप शनिवारीच होतं. मी दुकानात गेलो, तर बारा घड्याळं मशीनवर मांडलेली. पट्टे पुसलेले, टोच्या शेजारी. हमीदभाई मशीन बंद ठेवून बसलेले. पाच वाजले, सहा वाजले. तांड्याची पोरं शाळेतून फाट्यावर आली, दुकानासमोरून गेली. एकही आत वळलं नाही. एका पोरीने आत पाहिलं, तर तिच्या आईने हात धरून तिला पुढे नेलं.

"यंदा सगळ्यांनी आपापली घेतली असतील," हमीदभाई म्हणाले. "बरंच झालं. स्वस्त झालीत आता." आणि एकेक घड्याळ उचलून खिशात ठेवू लागले. मी आजवर त्यांना खिसा चुकताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दोनदा चुकले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी तांड्यावर गेलो. काजलचे वडील परसराम, चारपाच बायामाणसं आणि तिची आजी ओट्यावर बसलेली. मी बाजेवर बसलो आणि सगळं सांगितलं: किल्ली, यादी, निळा टाका, फाटक. यादीत घातलेलं डोकंसुद्धा सांगितलं. ते सांगताना मला माझा एक मुलाखतीतला प्रसंग आठवला, ज्यात मी याहून कमी घामाघूम झालो होतो.

मग परसराम म्हणाला, "म्हंजे सर, चाचानं काईच केलं न्हाई?"

"स्कूटर चालवली."

"अन् तुमी तिथंच हुते?"

"तीन पावलांवर."

आजीने तंबाखू मळायची थांबवली. "शिकल्यालं माणूस," ती म्हणाली. एवढंच. पण ज्या सुरात म्हणाली, तो सूर मला कुठल्याच शिक्षणाधिकाऱ्याला आजवर साधलेला दिसला नाही. मग कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि मी चहाला थांबलो.

त्याच संध्याकाळी तांड्यावरची पोरं आली. एकदम आली, चौदा जणं, बरोबर परसराम आणि तीन आया. हमीदभाई माप घेत होते; त्यांनी टेप खाली ठेवला. पोरांनी हात पुढे केले. बातमी माझ्या आधी पोचली होती. पुढे वर्षभर ती फाट्यावर, बाजारात, माझ्या स्वतःच्या वर्गात फिरत राहिली. अजूनही मी कोणाला वेळ सांगितली की समोरचा दुसऱ्याला विचारून खात्री करून घेतो.

हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. घड्याळं काढली, दोन कमी पडली ती लाल टाक्यांतून घेतली, रेडिओ लावला.

आपणही हातभार लावावा म्हणून मी पुढे झालो आणि एक पट्टा उचलला. समोरच्या पोरीने हात झटकन मागे घेतला. "न्हाई सर. चाचाच बांधतील."

चौदा पोरं, तीन आया आणि परसराम, सगळे माझ्या हातातल्या पट्ट्याकडे बघत होते. हमीदभाईंनी तो हळूच काढून घेतला.

"सर, तुमी बसा," ते म्हणाले. "तुमच्यासाठी चहा सांगितलाय."

मी बसलो.