सॉरी म्हणायचा गृहपाठ

समोरच्याला "कसं वाटतंय?" असं मी हल्ली विचारतच नाही. "दिवसभर काय काय केलंत?" असं विचारते. त्यातून बहुतेक सगळं कळतं, हे मी छातीठोकपणे सांगते. पण हे शहाणपण मला पुस्तकांनी दिलेलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्याहून समुपदेशन शिकून आले आणि कोल्हापुरात एका खोलीत दुकान थाटलं. भावना बोलून दाखवल्या की माणूस मोकळा होतो, एवढं पक्कं पाठ होतं. तेव्हा इचलकरंजीहून एक जोडपं आलं. नवरा यंत्रमागावर कामाला. बायकोचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलेलं. महिनाभर ती धड जेवत नव्हती की झोपत नव्हती.

"तुम्हाला काय वाटतं?" मी नवऱ्याला विचारलं.

"मला काय वाटायचंय?" मागांच्या खडखडाटात बोलावं तसा तो ओरडूनच बोलला.

नुसता दगड आहे, असं मी ठरवून टाकलं. त्याला गृहपाठ दिला. रोज संध्याकाळी सहाला बायकोजवळ अर्धा तास बसायचं, मायेनं बोलायचं, चुकलं असेल तर सॉरी म्हणायचं, तिनं काही केलं तर थँक्यू. त्यानं मुकाट्यानं मान डोलावली.

आठवड्यानं दोघं परत आली ती कपड्यांची पिशवी घेऊनच.

"हितनंच जयसिंगपूरला माहेरी जाते, मॅडम," ती म्हणाली. "हे मला सॉरी म्हणत्यात. च्या दिला तर थँक्यू. मी काय पावणी हाय व्हय? नांदवायची न्हाय तर सरळ सांगा म्हणावं."

माझं धाबंच दणाणलं. चांगला चाललेला संसार मी माझ्या हातानं मोडायला निघाले होते.

"अगं, पण त्यांना बाळाचं दुःख झालंय, हे तुला कधी कळलंच नाही का?"

"न कळायला काय झालं? बाळ गेल्यापासनं पाणी हेच भरत हुते. नळावर बायकांच्या रांगंत हुबं राहून. गल्ली हसायची, पर हे हटलं न्हाईत. आता आठ दिस झालं, त्ये बी बंद."

"का बंद केलंत?" मी त्याच्याकडे वळले.

"तुमीच सांगिटलं की, सहाला हिच्यापाशी बसायचं. नळ सहालाच येतोय."

मला भयंकर लाज वाटली. ज्याला मी दगड म्हटलं, तो रोज रांगेत उभा राहून बायकोशी बोलत होता आणि मीच त्याचं तोंड बंद केलं होतं. "गृहपाठ रद्द," मी म्हटलं. "चूक माझी." सॉरी ओठांवर आलं होतं, ते गिळून टाकलं.

त्यानं मान खाली घातली. आवाजही पहिल्यांदाच खाली आला.

"बाळ गेलं त्या दिशी घागर हिच्या कमरंवर हुती. मी शेडात मागावर हुतो."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि ती उभी राहिली.

"चला, उठा," ती त्याला म्हणाली. "आत्ताची यष्टी गावली तर नळ मिळंल."