वाचून दाखवायचं काम

साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास आला की मला माजलगावच्या कारखान्याशेजारच्या शाळेतली शिक्षकांची खोली आठवते. तिथले एक सर दृष्टिहीन होते. प्रत्येक परिपत्रक, प्रशिक्षणाची प्रत्येक स्लाइड मीच त्यांना वाचून दाखवायचे. मग एक नव्या बाई आल्या. त्या स्लाइडला नीट शीर्षकं द्यायच्या, चित्रात काय आहे तेही लिहून ठेवायच्या, आणि सरांचा फोन सगळं यांत्रिक बायकी आवाजात घडाघडा वाचायचा. एकदा फोननं स्लाइडवरच्या धरणाच्या चित्राचं वर्णन वाचलं. "बाई, तुमचं धरण दिसलं की मला!" सर त्यांना म्हणाले, तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला. पुढं परीक्षेचं वेळापत्रक पाठवायचं काम माझ्याकडं आलं, तर मी मुद्दाम कागदाचा फोटोच पाठवला. फोन "चित्र" एवढंच बोलून गप्प झाला. सर भिंतीला हात लावत माझ्या टेबलापाशी आले. मी खुशीत वाचून दाखवलं. ते हळूच म्हणाले, "तुमी वाचता लई चांगलं. पण इसरलं की परत परत इचारायची लाज वाटती हो." त्याच दुपारी मी वेळापत्रक टाइप करून पाठवलं. आता माझी बदली झाली आहे. अजूनही सरांना काही पाठवायचं तर नीट टाइप करूनच पाठवते, आणि त्यांच्या फोनमधली ती बाई माझी अक्षरं त्यांना वाचून दाखवत असेल, म्हणून तिचा हेवा करते.