मालतीवहिनी आणि एका देशाचं कर्ज

दादाचा फोन आला तेव्हा मी आळ्याला, आमच्या गावी घरी होतो. दवाखान्यातून नुकताच परतलो होतो, अंघोळ उरकली होती, आणि डबा घेऊन पुन्हा निघायचं होतं. “मालती गेली रे,” एवढंच तो म्हणाला. फोन मात्र त्यानं बंद केला नाही. पलीकडं कुणी तरी ट्रॉली ढकलत नेत असल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला... येडगावला वहिनींच्या माहेरी, पुण्याला, नाशिकला, सगळीकडं मीच कळवलं. एक फोन तेवढा राहिला. तो आफ्रिकेत करायचा होता, झांबियात, चंदा नावाच्या बाईंना. नाव आपल्याकडचं वाटतं, पण त्या तिथल्याच, आणि वहिनींच्या जिवाभावाच्या. रोज संध्याकाळी मी फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. त्यांना नेमकं कुठून सांगायला सुरुवात करावी, तेच सुचत नव्हतं. तो फोन पुढं झाला, पण आता दोन महिने होत आले तरी हे लिहायला बसतानाही तेच होतंय.

दादा विज्ञानाचा शिक्षक. ऐंशीच्या दशकात झांबियाला शाळांसाठी बाहेरून शिक्षक हवे होते. दादा गेला, पाठोपाठ वहिनी गेल्या. वहिनी शिकलेल्या नर्स, त्यामुळं तिथल्या सरकारी इस्पितळात त्यांनाही काम मिळालं. गाव म्हणाल तर आपल्या जुन्नरएवढं, लाल मातीचं. चंदाबाई त्याच इस्पितळात सिस्टर होत्या. पेशंटशी कसं बोलायचं, आधी त्याच्या घरच्यांची चौकशी कशी करायची आणि मग दुखण्याकडं कसं वळायचं, हे त्यांनी वहिनींना शिकवलं. सुट्टीवर आल्या की वहिनी ते आम्हाला करून दाखवायच्या. “लई रीतीची माणसं,” म्हणायच्या. “ताप हाय हे सांगायच्या आधी माझ्या सासूची तब्येत इचारत्यात.”

मी भूगोल शिकवायचो, त्यामुळं पुढं काय घडलं ते मला पुस्तकातूनही ठाऊक होतं. तो देश तांब्यावर जगणारा. तांब्याचा भाव कोसळला तसं सरकारनं बाहेरून कर्ज काढलं. ते फेडायला दुसरं काढलं. मग कर्ज देणाऱ्यांनी अटी घातल्या. सरकारी खर्च कमी करा, नोकरभरती थांबवा, शाळा-इस्पितळांत फी लावा. वर्गात हे सगळं मी फळ्यावर चार ओळींत लिहून दाखवायचो. त्यातली शेवटची ओळ वहिनींच्या वाट्याला आली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इस्पितळाच्या फाटकावर पाटी लागली, की आधी फीची पावती, मग तपासणी. पावती बघून माणूस आत सोडायचं काम आलटून पालटून नर्सांकडं आलं. पाटी वाचून, किंवा दुसऱ्याकडून वाचून घेऊन, कित्येक माणसं फाटकावरूनच माघारी जायची. वहिनी म्हणायच्या, “आत आलेल्याचं काय झालं ते कागदावर असतं भाऊजी. जो आलाच न्हाई, त्याचं कुणी लिवायचं?”

सुरुवातीला त्या स्वतःच्या पगारातून लोकांचे पैसे भरत. दादाही काही बोलला नाही. पण हे वरपर्यंत गेलं. असंच करणाऱ्या एका नर्सला कामावरून काढलं आणि बाकीच्यांना समज दिली. त्याच आठवड्यात एक दिवस, गर्दीच्या वेळी, एक तरुण बाई अंगावर चादर घेऊन समोर आली. ताप होता, उभं राहवत नव्हतं. वहिनींनी पावती मागितली. ती नव्हती. वहिनी म्हणाल्या, पैसे घेऊन ये, मी तुझा नंबर धरून ठेवते. बाईनं मान हलवली आणि गेली. वहिनींनी दुपार उलटेपर्यंत नंबर धरून ठेवला... ती आली नाही. पुढच्या दोन-तीन दिवसांत मलेरिया डोक्यात चढून ती घरीच वारली. चंदाबाई तेव्हा कामासाठी राजधानीला गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांना कळलं, आणि त्यांच्याकडून वहिनींना. ती त्यांची धाकटी बहीण होती. वहिनींनी तिला एकदा लग्नात पाहिलं होतं, नटलेली. चादरीतली ओळखली नव्हती.

चंदाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी बोलणंच थांबवलं. एकाच वॉर्डात दोघी शेजारी काम करत, आणि औषधाची बाटली मागायची तर तिसरीच्या तोंडून मागत. काही महिन्यांनी नोकरकपातीत चंदाबाईंचीच नोकरी गेली आणि त्या गाव सोडून गेल्या. दादाचं कंत्राट संपलं तसे हे दोघंही परत आले. हे सगळं मला दादानं सांगितलं, वहिनींनी नाही. वहिनी आल्या त्या आळ्याच्या घरात रमल्याच नाहीत. तळेघरच्या बाजूला एका संस्थेचा छोटा दवाखाना होता, तिथं त्यांनी काम धरलं. एसटी कधी असायची, कधी नसायची. वाड्या-वस्त्यांवर चालत जायच्या. भाताच्या खाचरांतून, पावसात डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन. दादा म्हणायचा, आता वय झालं, कशाला हे? त्यावर त्या चपला शोधायला लागायच्या.

नव्वदचं दशक संपता संपता जगभर एक मागणी उभी राहिली. गरीब देशांची ही न फिटणारी कर्जं माफ करा. परदेशात लाखो लोक सह्या करत होते, मोर्चे काढत होते. पुण्यातल्या काही मंडळींनीही सह्या जमवायला घेतल्या. मी वहिनींना सहज सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या कामाला लागल्या. आळ्याच्या बाजारात, जुन्नरच्या एसटी स्टँडवर, घोडेगावच्या कचेरीबाहेर. लोक ऐकून घ्यायचे, चहाही पाजायचे. एकदा फाट्यावर आमच्या ओळखीचे एक टेम्पोवाले म्हणाले, “ताई, राग मानू नका, पण त्या लोकांचं कर्ज फिटलं तर आमाला काय मिळणार?”

“तुमाला काय बी मिळणार न्हाई,” वहिनी म्हणाल्या.

“मंग सही कशापायी करायची?”

“तिकडची एखादी बाई दवाखान्यात आत जाईल, एवढ्यापायी.”

त्यांनी सही केली. करताना हसत होते, पण केली.

पुढच्या वर्षी पुण्यात याच विषयावर सभा झाली. परदेशातून माणसं येणार होती. मी आणि वहिनी सकाळच्या गाडीनं गेलो. सभागृह निम्मं रिकामं होतं. बोलणाऱ्यांची नावं पुकारली तेव्हा वहिनींनी माझं मनगट धरलं. व्यासपीठावर चंदाबाई होत्या. अंगानं भरलेल्या, डोक्याला निळा रुमाल. त्या इंग्रजीत सावकाश बोलल्या. तांबं, व्याज, अटी, सगळं. मग म्हणाल्या, “माझी बहीण इस्पितळात गेली होती. एका नर्सनं तिच्याकडं पावती मागितली. पावती नव्हती. ती घरी परतली आणि मेली. त्या नर्सला कर्ज म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.”

प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा वहिनी उभ्या राहिल्या. प्रश्न असेल असं वाटून कुणी तरी माईक आणून दिला. त्या नुसत्याच उभ्या... मी त्यांचा पदर ओढला, बसा म्हणून. शेवटी त्या इंग्रजीत म्हणाल्या, “ती नर्स मी.”

चंदाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग माईक जवळ न घेताच म्हणाल्या, “मला माहीत आहे, मालती. तू आत आलीस तेव्हाच दिसलीस. म्हणून नाव घेतलं नाही.”

त्या आमच्याकडं आळ्याला चार दिवस राहिल्या. आमच्या गल्लीत त्यांना बघायला माणसं येत. चंदा नाव ऐकून म्हाताऱ्या खूश होत, आणि त्या प्रत्येकीला आधी घरच्यांची खुशाली विचारत. ते मराठीत करून सांगताना वहिनींचा आवाज पहिल्यासारखा झाला होता. तळेघरला नेलं तेव्हा एका घरी नाचणी पाखडत होते. चंदाबाईंनी मूठभर उचलली, वास घेतला. त्यांच्या आईच्या शेतात हेच पिकायचं म्हणे. घरमालकीण वहिनींना म्हणाली, “मंग ह्या आपल्यातल्याच की वं.” दोघींमधलं सगळं मिटलं असं मात्र मी म्हणणार नाही. जाताना वहिनींनी माफी मागितली तेव्हा चंदाबाई म्हणाल्या, “माफ करते असं म्हटलं की विषय संपतो. मला तो संपवायचा नाही. फोन करत राहा.” वहिनी दर महिन्याला फोन करत राहिल्या.

मग एकदा, दोन हजार तीनच्या सुमारास, आपल्या सरकारनं काही गरीब देशांची कर्जं माफ केल्याची बातमी आली. यादीत झांबियाही होता. मी पेपर घेऊन धावतच गेलो. वाटलं, वहिनींना आनंद होईल. त्यांनी बातमी वाचली, पुन्हा वाचली.

“म्हंजी आपुन बी त्यांच्याकडनं घेत व्हतो?” त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागलो, की रक्कम मोठी नव्हती, असे व्यवहार देशादेशांत चालतातच. त्या म्हणाल्या, “मी आजवर गोऱ्या लोकांना नावं ठेवत आले, भाऊजी. त्या पोरीची फी आपल्याच देशाकडं यायची असंल तर?” त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दादा नंतर मला म्हणाला, तू ती बातमी आणायला नको होतीस. मला तसं वाटत नाही, पण त्याचं म्हणणं खोडताही आलं नाही.

पुढं श्रीमंत देशांनीही झांबियाचं बरंचसं कर्ज सोडलं, आणि दोन हजार सहामध्ये तिथल्या खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांची फी बंद झाली. चंदाबाईंनी स्वतःहून फोन केला. “पाटी काढली?” वहिनींचा पहिला प्रश्न. काढली होती. पण चंदाबाई म्हणाल्या, माणसं अजून फाटकाशी थांबतात, आत जायचं का म्हणून विचारतात. आत गर्दी इतकी, की नर्स पुरत नाहीत आणि औषधं आठवड्यात संपतात. फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाल्या, “चांगलंच झालं.” मग थोड्या वेळानं, “लई उशिरा झालं.”

आता त्यांच्या शेवटच्या आजारपणाचं. छातीत दुखायला लागलं तेव्हा दादानं आणि मी त्यांना रिक्षात घालून फाट्याकडच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. जवळ दुसरं काही नव्हतं. काउंटरवर विशीची एक मुलगी होती. ती म्हणाली, आधी डिपॉझिट भरा, मग फाईल तयार होईल. खिशात होते ते पुरेनात. दादा पैसे आणायला धावला. वहिनी बाकावर माझ्या खांद्याला टेकून बसल्या. मी आवाज चढवला, तशा त्या म्हणाल्या, “तिला नका बोलू. तिच्या हातात न्हाई.” दादा येईपर्यंत अर्धा तास तरी गेला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

शेवटी आठ-दहा दिवसांनी मी चंदाबाईंना फोन लावला. त्यांनी आधी दादाची, मग माझ्या घरच्यांची चौकशी केली. मी सांगितलं, छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गेल्या. त्यांनी विचारलं, “तिला लगेच आत घेतलं?” खोटं बोलणं सोपं होतं. मी नाही म्हणालो, सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “काउंटरवर कोण होतं?” मी म्हटलं, एक मुलगी होती. “तिला भेटून ये,” त्या म्हणाल्या. “मालतीला कुणी भेटायला गेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.”

गेल्या आठवड्यात गेलो. मुलगी कामावर होती. तिनं ओळखलं, उभी राहिली. “आजी बऱ्या हायत ना? मी दुसऱ्या दिवसापासनं रजेवर व्हते.” मी सांगितलं. ती खुर्चीत बसली, हातातलं पेन खाली ठेवलं. “उशीर झाला म्हणून का काका?” मी म्हणालो, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. खरंच येत नव्हतं. मग मी त्या बाकावर बसून तिला वहिनींची गोष्ट सांगितली. फाटक, पावती, चादरीतली ती बाई, सगळं. ती ऐकत होती. तेवढ्यात एक माणूस बायकोला धरून आत आला. बाई पोट दाबून वाकली होती. मुलगी काउंटरच्या बाहेर आली, बाईचा दंड धरून तिला माझ्या शेजारी बसवलं, ग्लासभर पाणी दिलं. परत जाऊन खुर्चीत बसली. थोडा वेळ तिनं तसाच जाऊ दिला. मग माझ्याकडं न बघता, अगदी हळू आवाजात त्या माणसाला विचारलं, “डिपॉझिट आणलंय का?”