झुराकानच्या घरचे पाच नान

किर्गिझस्तानातल्या नारीनच्या डोंगराळ मुलुखात झुराकानला न ओळखणारं माणूस सापडायचं नाही. नवरा गुरांचा डॉक्टर. त्याच्याबरोबर हिंडून हिंडून घोड्याच्या मानेची शीर ती नुसत्या बोटांनी शोधायची. पण थोरला मुलगा सुंतेच्या जखमेतून रक्त वाहून वाहून गेला, तेव्हा ती बोटं काही करू शकली नाहीत. हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार, हा शब्द तिने त्यानंतर ऐकला.

धाकटा एलमिर्झाही तसाच निघाला. गुडघ्यात रक्त साचलं की बर्फ लावायचा, खिंड ओलांडून राजधानी बिश्केक गाठायचं, तासन्‌तास प्लाझ्मा चढवायचा. पुढे कुठून तरी दानात पावडरीच्या कुप्या आल्या. पाण्यात मिसळून शिरेत दिली की रक्त गोठायचं. झुराकान ते शिकली आणि खोऱ्यातल्या चार आयांना तिने शिकवलं.

आता औषध सरकार देणार होतं. घरी, की फक्त राजधानीत? ते ठरवायला आरोग्य खात्याचे मेदेरबेक साहेब तिच्या घरी आले, पण बसेचनात.

“एजे,” थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ते म्हणाले, “शीर शोधणं म्हणजे मेंढी कातरणं नव्हे. सुई बायकांच्या हाती नाही द्यायची. बिश्केकला येत चला.”

“खिंड बंद झाली की काय, उडत येऊ?”

साहेब वळले. झुराकानने नान पुढे केला. घरचा नान न चाखता उंबरा ओलांडायची छाती कुठल्या किर्गिझाची? त्यांनी तुकडा मोडला.

“सावकाश चावा,” ती म्हणाली आणि तिथेच एलमिर्झाची बाही वर करून तिने सुई लावली.

साहेबांचा घास संपतो न संपतो तोच दारात तिने शिकवलेल्या चौघींतली बुरमाखान, बगलेत नान आणि हाताशी मुलगा.

“तिचा खाल्लात, माझा नको होय? सासूने भाजलाय, तिलाच सांगते!”

साहेब मुकाट्याने खाली बसले. दुसरा नान, दुसरी सुई. तिसरा. चौथा.

पाचवी गुलाइम, सगळ्यांत लहान. तिची शीर हुकली. साहेबांचं तोंड चालायचं थांबलं. गुलाइमने सुई काढली, कापूस दाबून धरला, लेकाचा दुसरा हात घेतला, नवी सुई लावली. औषध शिरेत उतरलं.

“चुकलं तर काय करायचं, तेही शिकवलंयस की,” मेदेरबेक झुराकानला म्हणाले. कागद मांडीवर घेऊन त्यांनी लिहिलं: औषध घरी द्यावं. “सहावी कोणी नाही ना, एजे? पोट फुटेल माझं!”

“आहे. शिकतेय अजून.”

बायका खो खो हसल्या. झुराकान मात्र सगळ्यांदेखत मोठ्याने रडली, आणि रडताना तिने तोंड लपवलं नाही.