गुलाम रसूल मिस्त्रीनं मढवलेली भिंत

गुलाम रसूल मिस्त्रीला लाकूड दाखवू नये, असं लातुरातले सुतार आपसात म्हणायचे. दाखवलं की गेला तुमचा अर्धा दिवस. आधी तो ते उन्हात धरणार, मग सावलीत धरणार, मग खिशातलं फडकं ओलं करून त्यावरून फिरवणार आणि बघत बसणार. लाकूड ओलं केल्याशिवाय त्याचा खरा रंग कळत नाही, पॉलिश मारल्यावर ते कसं दिसेल याचा अंदाज तेव्हाच येतो, हे कुठल्याही सुताराला ठाऊक असतं. पण बाकीचे एकदा पुसतात आणि कामाला लागतात. हा बाबा ते वाळेपर्यंत उभा!

मूळचा तो अहमदपूरचा. बाप पाळणे आणि दाराच्या चौकटी करायचा. त्र्याण्णवचा भूकंप झाला, त्यानंतर नवी गावं उभी राहायला लागली आणि त्यांच्या दारं-खिडक्यांच्या कामावर गुलाम रसूल लातूरकडं आला. दोन वर्षं एकाच मापाची, एकाच रंगाची दारं ठोकली. त्या दारांत बघण्यासारखं काहीही नव्हतं आणि त्याचाच त्याला फार वैताग यायचा.

मग लातुरात क्लासेसचं पीक आलं. मुखेड-कंधारपासूनची पोरं ट्रंका घेऊन बसस्टँडवर उतरायला लागली, गल्लोगल्ली पाट्या लागल्या, सरांचे बंगले झाले आणि प्रत्येक सरांना केबिनला व्हिनियर पाहिजे झालं. व्हिनियर म्हणजे चांगल्या लाकडाचा कागदासारखा पातळ काप. तो प्लायवर चिकटवायचा. जुने सुतार नाक मुरडायचे, हे काय लाकूड आहे का म्हणायचे. गुलाम रसूलनं मात्र पहिला गठ्ठा सोडला आणि त्याला खुळच लागलं.

त्याचं असं आहे की एका ओंडक्याचे काप जसे निघतात तसेच एकावर एक रचून येतात. सुतार त्यांना पानं म्हणतात. पहिल्या पानावरची गाठ दुसऱ्यावर असतेच, पाचव्यावर जराशी सरकते, विसाव्यावर विरघळून जाते. एक पान उलटून शेजारच्याला जोडलं की डावीकडची नक्षी उजवीकडं जशीच्या तशी उमटते. पहिल्याच केबिनात त्यानं हौसेनं तसं जोडलं आणि सकाळी तिथले सर म्हणाले की मिस्त्री, तुम्ही अर्धी भिंत दुसऱ्याच लाकडाची मारली. बघतो तर खरंच एक पान उजळ, एक काळपट. गुलाम रसूल शपथा घेऊन घेऊन थकला. शेवटी वैतागून खिडकीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, तर काळपट होतं ते उजळ झालेलं आणि उजळ होतं ते काळपट. उलटलेल्या पानावर उजेड उलटा खेळतो, एवढीच गोष्ट. त्यानं सरांना हाताला धरून भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार चकरा मारायला लावल्या. सरांचा राग कुठल्या कुठं गेला. पुढं येईल त्या पाहुण्याला ते तशाच चकरा मारायला लावायचे.

रंगांची दुकानातली नावं त्याला पटायची नाहीत. त्यानं आपली नावं पाडली होती. सागवान गुळी, ओक करडई, शिसम कोरा चहा, अक्रोड जुनी चिंच. नाव बरोबर बसलं का ते बघायला तो पानाचा तुकडा घेऊन स्वयंपाकघरात शिरायचा आणि चिंचेच्या गोळ्याशेजारी धरायचा. त्याची बायको रजिया म्हणायची, ह्या माणसानं आजवर चिंच खाल्ली कमी आणि बघितली जास्त.

तर भागवत सरांच्या बंगल्याचं काम त्याच्याकडं आलं ते भूकंपानंतर चौदाव्या वर्षी. सर फिजिक्स शिकवायचे. किल्लारीच्या लगतचं एक खेडं हे त्यांचं गाव. भूकंप झाला तेव्हा ते शाळेसाठी लातुरात होते म्हणून वाचले. वडील ग्यानोबा गेले. आई साखराबाई ढिगाऱ्यातून जिवंत निघाली, पण त्या दिवसापासून ती चार भिंतींच्या आत झोपली नव्हती. सरकारनं दिलेल्या घरात तिनं ज्वारी ठेवली आणि आपली बाज अंगणात, चार खांबांवरच्या पत्र्याखाली टाकली. आता तिचे गुडघे गेले होते, दिसायलाही कमी आलं होतं. सर तीन वर्षं विनवण्या करत होते. शेवटी ती म्हणाली, येते, पण आधी खोली बघते.

सरांनी मिस्त्रीला सांगितलं की बाकीचं घर तुम्हाला वाटेल तसं करा, आईच्या खोलीत मात्र जीव ओता. सांगायची गरज नव्हती. गुलाम रसूलनं सागवानाचा एक गठ्ठा दोन वर्षं कुणाला न दाखवता जपला होता. त्याच्या पानांवर एकात एक शिरलेले डोंगर होते, खाली रुंद, वर निमुळते, आणि रंग म्हणाल तर नव्या गुळाच्या ढेपेचा. आठ पानांच्या चार जोड्या त्यानं छतापासून फरशीपर्यंत लावल्या. शेवटचा पॉलिशचा हात मारून मागं सरला तेव्हा त्याला स्वतःलाच खरं वाटेना. अशी भिंत आपल्या हातून पुन्हा होणार नाही, हे त्याला तिथंच कळलं.

दुसऱ्या दिवशी साखराबाई आली. उंबऱ्याशी थांबली, भिंतीकडं बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. आत पाऊल न टाकताच ती वळली आणि बाहेर वाळूच्या ढिगाशेजारी जाऊन बसली.

“भिंत उकलायलीय, भागवत,” ती म्हणाली. “मी न्हाई जात आत.”

सरांनी समजावलं, नुसती लाकडावरची नक्षी आहे म्हणून सांगितलं, हाताला धरलं. ती संध्याकाळच्या यष्टीनं गावाकडं परत जाणार म्हणून बसली ती बसलीच. सर आत आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, मिस्त्री, आताच्या आता काढा हे, नाहीतर वरून पांढरा सनमायका मारा. आज गेली तर ती पुन्हा यायची नाही.

गुलाम रसूलला राग आला. खोटं कशाला सांगा, म्हातारीचाही आला आणि सरांचाही. त्यानं पटाशी हातात घेतली, पण ती भिंतीला लागेना. त्याचा जुना रोग उपटला. हे डोंगर आपण इतकी वर्षं बघतोय, त्यात तिला काय दिसलं? उरलेल्या पानाचा हातभर तुकडा घेऊन तो बाहेर गेला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

“मावशी, भिंत काढतो मी,” तो म्हणाला. “पण तुम्हाला त्यात काय दिसलं तेवढं सांगा.”

तिनं तुकड्याला हात लावला नाही. लांबूनच बोट फिरवत सांगायला लागली. मोठ्या भूकंपाच्या आदल्या साली जमीन सारखी हादरायची. तेव्हा तिच्या घराच्या भिंतीला माळवदापासून रेघा पडत गेल्या, अशाच, एकीखाली एक, अशाच डोंगरासारख्या. रोज ती त्या बघायची. रोज एक वाढायची.

“ह्यांना दाखवल्या. ह्यांनी वरून पांढरी माती लावली. म्हणले, काय न्हाई होत. माझी लेक, सिंधु, त्याच भिंतीला झोपायची. नऊ वरसाची होती.”

पांढरा सनमायका मारून भागणार नाही, एवढं गुलाम रसूलला कळलं. मागं काय आहे ते तिला ठाऊक असणारच होतं. त्यानं तो तुकडा तिच्या मांडीवर ठेवला.

“भेगेत नख जातं, मावशी. ह्यात घालून बघा.”

तिनं घातलं. नख घसरलं. दुसऱ्या रेघेवर घातलं, तिथंही घसरलं. मग हे काय हाय, तिनं विचारलं. वर्षं आहेत, तो म्हणाला. पावसाळ्यात झाड भराभर वाढतं, तो हा फिका पट्टा. पाऊस सरला की वाढ आवळत जाते आणि वर्षाची शिवण पडते, ती ही गडद रेघ. मधली रेघ जुनी, कडेची नवी. साखराबाईचा जन्म शेतात गेलेला. तिनं तुकडा डोळ्यांजवळ धरला आणि नखानं एकेक वर्ष मोजायला लागली. एका जागी पट्टा अगदी बारीक होता, तिथं थांबली. म्हणाली, ह्या साली पाऊस न्हाई झाला. बहात्तरचा दुष्काळ म्हणायचा का हा?

गुलाम रसूलनं इतकी पानं चिकटवली, पण हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. तो तिच्याशेजारी वाळूत सरकून बसला आणि दोघं मिळून ते पान बघू लागली.

“भूकंपाचं कोणतं?” तिनं विचारलं.

काहीतरी ठोकून देता आलं असतं. भिंत वाचली असती. पण लाकडाच्या बाबतीत त्याला खोटं बोलता यायचं नाही.

“झाड चंद्रपूरकडचं हाय, मावशी. कवा तोडलं ते मला न्हाई माहीत. त्यामुळं साल सांगता येत न्हाई.”

मग कडेजवळच्या एका रेघेवर तिनं आपणच बोट ठेवलं.

“मग हे धरू. ह्या साली बी ते वाढलं का?”

त्यानं तुकडा उजेडाकडं तिरपा केला, फडकं ओलं करून त्यावर फिरवलं आणि नीट बघितलं.

“वाढलं. थोडं कमी, पण वाढलं.”

साखराबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. तुकडा छातीशी धरून उंबऱ्यापर्यंत गेली, तिथं पुन्हा थांबली. सर दाराआड उभे होते. मग ती आत गेली. भिंतीला हात लावला, तुकड्यावर बघत, भिंतीवर बघत, एकेक रेघ बोटानं मोजत ती कडेपर्यंत आली. ज्या ओंडक्याचा तुकडा त्याच ओंडक्याची भिंत. रेघ सापडायलाच पाहिजे होती, आणि ती सापडली.

“भागवत,” ती भिंतीवरचं बोट न काढता म्हणाली, “बाज इकडं लाव. सिंधुचं वरीस हाय हे. माझ्या उशाला असू दे.”